डेझी आंटींचे मटार

माझ्या फ्रीजरमध्ये मटारचं एक पाकीट होतं आणि ते शिजवायची मला परवानगी नव्हती.

फ्रीजर माझा, मटार डेझी आंटींचे. सिडनीत टूनगॅबीला त्यांच्या घरामागे जी सुटी खोली आहे, तिथे मी भाड्याने राहतो. अशा खोलीला इथे ग्रॅनी फ्लॅट म्हणतात. ग्रॅनीला कुणी त्यात ठेवत नाही. माझ्यासारखा एखादा आयटीवाला ठेवतात, जो भाडं वेळेवर देतो आणि फोडणी घालताना खिडकी उघडतो. माझ्या खिडकीपासून त्यांच्या मागच्या पायऱ्यांपर्यंत लांबच लांब हिरवळ आहे, आणि मध्ये एका बाजूला कपडे वाळत घालायचं ते गोल फिरणारं लोखंडी झाड. दोन हजार एकवीसच्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जून-जुलैत, सिडनीला कुलूप लागलं, आणि या हिरवळीवर जे काही चाललं ते मी भांडी घासता घासता पाहिलं. अमळनेरच्या शाळेत मी खो-खो खेळलोय, पोळ्याला बैल उधळताना पाहिलेत, हेडमास्तरांच्या हातून सुटलेला डस्टर अचूक कपाळावर बसताना पाहिलाय, तोही माझ्याच. पण हे वेगळं होतं.

आधी आंटींबद्दल सांगतो. डेझी तुस्कानो. वय पंचावन्नच्या पुढे. नक्की आकडा विचारायची माझी हिंमत नाही. बेताची उंची, चष्मा, केस कायम क्लिपमध्ये. माहेर वसईतलं नंदाखाल, सासर गिरीज. मुंबईला मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलं, लग्न करून इकडे आल्या आणि तेव्हापासून पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहेत. त्या वर्षी लॅबमध्ये काय येत होतं ते वेगळं सांगायला नको. अर्ध्या सिडनीची नाकं आंटींच्या टेबलावरून जात होती. पहाटेची शिफ्ट करून त्या दुपारनंतर घरी येत तेव्हा गालांवर मास्कचे वळ असत. आंघोळ करत, चहा पीत, आणि मग आपल्यासारखा माणूस जिथे आडवा होईल तिथे या बाई हिरवळीवर येऊन, दोन्ही हात पुढे करून, उभ्या राहत. समोरून त्यांची मुलगी क्लोई अंगात असेल नसेल तेवढ्या जोराने त्यांच्यावर चेंडू फेकी.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, मायलेकींचं भांडण चाललंय. एक चेंडू आंटींच्या डोक्यावरून थेट माझ्या खिडकीकडे निघाला. मी साबणाच्या हातांनी खाली बसलो. काच फुटल्याचा आवाज काही येईना. वर डोकावून बघतो तर काचेच्या वीतभर अलीकडे हवेत एक हात, आणि त्या हातात चेंडू. आंटी मागे पळत आल्या होत्या, माझ्याकडे पाठ करून, आणि एका हाताने तो खुडला होता. झाडावरून लिंबू खुडावं तसा.

"सॉरी हां, नची," त्या वळून म्हणाल्या. "भांडी घास तू."

हा चेंडू म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा. त्या खेळाला इथे ग्रिडआयर्न म्हणतात. चेंडू सोललेल्या नारळासारखा दोन्हीकडे टोकदार, पाय त्याला क्वचितच लागतो, आणि जवळजवळ प्रत्येक चाल एकाच खेळाडूच्या हातून सुरू होते. तो क्वार्टरबॅक. समोरची दांडगी मंडळी येऊन लोळवायच्या आत त्याने मोकळा भिडू शोधायचा आणि चेंडू त्याच्याकडे पोचवायचा. क्लोईच्या युनिमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीत, मुलींची टीम आहे. ऑस्ट्रेलियात या टीमच्या मॅचला खेळाडूंचे नातेवाईक येतात आणि वाट चुकलेली कुत्री येतात. पण त्या वर्षी तिला चाहते मिळाले, आणि ते मिळाले रोजरीमुळे.

झालं असं की चर्च बंद, म्हणून आमच्याकडच्या वसईकरांनी संध्याकाळची रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झूमवर सुरू केली. होस्ट डेझी आंटींचे यजमान मार्टिन अंकल. अंकल रिटायर्ड अकाउंटंट, शांत माणूस, पण म्यूट-अनम्यूट त्यांना अखेरपर्यंत जमलं नाही, म्हणून ते बटण सांभाळायला मी शेजारी बसे. शेवटचं आमेन झालं तरी कुणी जात नसे. जाणार कुठे? नऊच्या आत घरात बसायचा हुकूम होता, आणि सगळे सकाळपासून घरातच होते. मग गप्पा. लस, आकडे, वसईत कोण आजारी, कोण गेलं. यातून सुटका म्हणून एकदा अंकलनी सहज विषय काढला की क्लोईच्या टीममध्ये यंदा क्वार्टरबॅक दोन झाल्यात, एक क्लोई आणि दुसरी ॲशली, आणि पहिली मॅच कोण सुरू करणार ते कोचने अजून ठरवलेलं नाही.

सुटकाच झाली. त्या दिवसापासून कुणी आकडे काढले नाहीत.

क्लोई गिरीजच्या तुस्कानोंची मुलगी, ॲशली नंदाखालच्या घरातली, शिकायला इथे आलेली. एवढं पुरेसं होतं. खेळ काय आहे, चेंडू कसा असतो, हे माहीत नसलेली माणसं दोन पक्षांत वाटली गेली. नंदाखालच्या बाजूने रेजिना आंटी, आवाज असा की त्यांना माइकची गरज नव्हती. गिरीजच्या बाजूने अजित देवधर. हा पेंडल हिलचा, मूळचा पुण्याचा, रोजरीशी संबंध शून्य. पण कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं डॅलसला राहून आलेला, त्यामुळे ग्रिडआयर्नवर आमच्यात शेवटचा शब्द त्याचा, असं त्याचं मत. तो बरोबर आमेनच्या ठोक्याला जॉइन होई. एकदा घड्याळ पुढे होतं म्हणून लवकर आला, तर मार्टिन अंकलनी त्याला चार 'नमो मारिया' म्हणायला लावले.

"क्लोईचा हात बघा हात!" अजित म्हणे. "बंदुकीची गोळी आहे. डॅलसला असती तर स्कॉलरशिप घेऊन मागे लागले असते."

"डॅलसला नाही ना ती. टूनगॅबीला आहे," रेजिना आंटी म्हणत. "आमची ॲशली डोक्याने खेळते."

"तुमची? आंटी, तुम्ही तिला कधी भेटलात तरी का?"

"तिच्या आजोबांनी आमच्या विहिरीला पंप बसवून दिला होता. अजून काय भेटायचं असतं?"

"पंपाचा आणि क्वार्टरबॅकचा काय संबंध?"

"तुला नाही कळणार. तू पुण्याचा."

हे असं रोज. एका संध्याकाळी अजितने स्क्रीन शेअर करून बाण काढून दाखवले. नंदाखालच्या बाजूने कुणीतरी ॲशलीचा लहानपणीचा, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचा फोटो दाखवला. दोन्ही पुरावे तितकेच उपयोगाचे होते. या सगळ्यात आंटी मागे कट्ट्यापाशी कांदा चिरत असत, आणि कुणी "डेझी, तू सांग ना!" म्हटलं की म्हणत, "माझी भाजी करपतेय."

पण घरात हा वाद करमणुकीचा नव्हता. क्लोईचं युनिचं ते शेवटचं वर्ष. आदल्या सीझनला तीच क्वार्टरबॅक होती आणि टीम शेवटच्या नंबराला राहिली होती. हा सीझन गेला की तिची नोकरी सुरू, खेळ बंद. शेवटी एकदा आपल्या हातून काहीतरी नीट व्हावं, एवढंच त्या मुलीला हवं होतं. तिच्या खोलीतला दिवा, तिचे व्यायाम, तिचं पथ्याचं खाणं, सगळं त्या एका गोष्टीसाठी. आणि तिच्या आईलाही तेच हवं होतं. नाहीतर दिवसभर विषाणूंच्या नळ्या हाताळून आलेली बाई संध्याकाळी बंदुकीच्या गोळ्या कशाला झेलेल?

आता मटार.

क्लोईचे चेंडू झेलून झाले की आंटी माझ्या दारात येत, दोन्ही हात पाठीमागे धरून. मी फ्रीजरमधून पाकीट काढून टेबलावर ठेवी. त्या खुर्चीत बसत, चष्मा कपाळावर ढकलत आणि उजवा हात त्या मटारांवर दाबून ठेवत. बोटं सुजलेली. एक करंगळी तर अशी निळी, की पहिल्यांदा पाहून मी "हॉस्पिटल?" म्हणालो.

"हॉस्पिटलात सध्या करंगळीला कोण विचारतंय?" आंटी म्हणाल्या. "आणि हे बघ, क्लोईला कळता कामा नये. आमच्या फ्रीजरमध्ये ठेवलं तर ती बघेल. म्हणून तुझ्याकडे."

"पण का कळू नये?"

"कळलं तर हात आखडेल तिचा. माझ्याकडे बघून घाबरत फेकेल. तसं नकोय मला." मग पाकिटाकडे बोट करून, "आणि हे शिजवायचं नाही. वितळून गोठून त्याचं काय झालं असेल ते मी लॅबमध्ये रोज बघते."

ऑगस्टमध्ये आणखी एक गोष्ट झाली. ॲशलीच्या आईचा वसईहून फोन आला. ॲशली पेंडल हिलला स्टेशनजवळ एक खोली घेऊन एकटी राहत होती. देशाच्या सीमा बंद, ती जाऊ शकत नव्हती, आईवडील येऊ शकत नव्हते. पोरगी फोनवर नीट बोलत नाही, जरा बघून ये, असं आईचं म्हणणं. आंटी शिफ्टवरून येताना डबा घेऊन गेल्या. खोलीवर ती नव्हती. समोरच्या पार्कात होती. पुढचं आंटींनी मला मटारांवर हात ठेवूनच सांगितलं.

"एकटीच फेकत होती रे. चेंडू फेकायचा, लांब जाऊन पडला की चालत जायचं, उचलायचा, परत उलटा फेकायचा. किती वेळ मी बघत उभी होते. तिला माहीतसुद्धा नाही. मग मी डबा खाली ठेवला आणि जिथे चेंडू पडत होता तिथे जाऊन उभी राहिले."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. रडली थोडी. मग फेकला."

त्या वेळी आमच्या भागात व्यायामाला म्हणून दिवसातून एकच तास बाहेर पडायची मुभा होती, घराबाहेरच्या एकाच माणसाबरोबर. तो तास आंटींनी ॲशलीला देऊन टाकला. घरी येता येता पार्क, मग घरची हिरवळ. गोष्ट लपवायची नाही हा त्यांचा स्वभाव, मटार सोडून. घरी आल्या आल्या त्यांनी क्लोईला सांगितलं, आणि ते मला खिडकीतून सगळं ऐकू आलं.

"मम, आर यू सीरियस? शी वॉन्ट्स माय स्पॉट!"

"हो, माहीत आहे."

"मग? माझी आई माझ्याच कॉम्पिटिशनला ट्रेन करते? हू डझ दॅट?"

"तुला घरात आई आहे, बाप आहे, मागे हा नची आहे. तिला चेंडू परत आणून द्यायला कुत्रंही नाही."

यादीत मी कुत्र्याच्या आधी आलो याचं समाधान मानलं. क्लोई दार आपटून आत गेली. पण दुसऱ्या दिवशी हिरवळीवर आली, आणि आदल्या दिवसापेक्षा जोरात फेकायला लागली. आंटी झेलत राहिल्या. मला एक गोष्ट मात्र हळूहळू दिसायला लागली, आणि ती मी कुणाला बोललो नाही. क्लोईची परीक्षा असली की ती हिरवळीवर येत नसे. त्या दिवशी आंटी फक्त पार्कात जाऊन येत. आणि त्या दिवशी त्या मटार मागत नसत.

आंटी इतकं झेलायला कुठे शिकल्या, हा प्रश्न अजितला छळत होता. शेवटी त्याने झूमवर विचारलंच. उत्तर आलं नंदाखालहून. आंटींची मोठी बहीण सेलिन मावशी वसईच्या दुपारी आमच्या संध्याकाळच्या रोजरीत बसायची.

"ती? ती लहानपणापासून झेलते," मावशी म्हणाली. "आमचं कौलारू घर. दर वर्षी मे महिन्यात शाकारणी असायची, सगळी कौलं उतरवायची, फुटकी बदलायची. बाबा खालून कौल फेकायचे, मी शिडीवर, मी वर फेकायचे, आणि ही छपराच्या टोकावर. मी 'घे!' म्हटलं की सोडायचे. ही बघायचीसुद्धा नाही. दुसऱ्या हाताने आधीचं कौल बसवत असायची. हात तेवढा यायचा मागे."

"एकही पडलं नाही?" अजितने विचारलं.

"पडायची की. माझ्यामुळे. मी जोर लावायचे ना, मला दाखवायचं असायचं. तर बाबा खालून ओरडायचे, सेलिन, कौल तुला ठेवायचंय की तिला? ज्याला ठेवायचंय त्याचा हात बघ!"

झूमवर सगळे हसले. मागे कट्ट्यापाशी आंटी हसल्या नाहीत. सुरी थांबली होती.

ऑक्टोबरमध्ये सिडनी उघडली. आता पहिल्या मॅचच्या आधी एकच ट्रेनिंग मिळणार होतं. कोच ब्रेट पेशाने प्लंबर, हौसेने कोच. शनिवारी सकाळी त्याची पाइपांनी लादलेली व्हॅन आमच्या ड्राइव्हवेत येऊन थांबली. मी कचऱ्याचा बिन बाहेर काढत होतो, म्हणजे काढून झाला होता, पण मी तिथेच रेंगाळलो.

ब्रेट लांबूनच म्हणाला, "डेझी, मी दोघींना चार महिने पाहिलेलं नाही. त्यांचे चेंडू झेललेत ते फक्त तू. विचारायला नको हे कळतंय मला. पण तूच सांग, कुणी सुरुवात करावी?"

आंटी गुलाबाला पाणी घालत होत्या. त्यांनी हातातला पाइप खाली ठेवला, नळ बंद केला. आता मला वाटलं होतं, भाजी करपेल. कुठल्याही आईची करपली असती, आणि कुणी दोष दिला नसता. आंटींनी घराकडे तोंड करून हाक मारली, "क्लोई! बाहेर ये जरा."

क्लोई जाळीच्या दारात आली. ब्रेटला पाहून तिचा चेहरा उजळला.

"हा विचारतोय, पहिली मॅच कुणी सुरू करावी," आंटी म्हणाल्या. "तुझ्या माघारी सांगणार नाही, म्हणून बोलावलं." मग ब्रेटकडे वळून इंग्रजीत, सावकाश, "क्लोईएवढा हात तुझ्या टीममध्ये कुणाचाच नाही. पण तिचा चेंडू अजून झेलणारीसाठी निघत नाही. ॲशलीचा निघतो. ॲशलीने सुरू करावं."

दोन्ही हात त्यांनी ॲप्रनच्या खिशात घातलेले होते. ते बाहेर काढून दाखवले असते तर एका क्षणात सगळं पटलं असतं. काढले नाहीत. ब्रेटने टोपी काढली, परत घातली, "राइट," म्हणाला आणि गेला. जाळीचं दार क्लोईने या वेळी आपटलं नाही, हळूच लावलं. ते जास्त लागलं असावं, कारण आंटी बराच वेळ बंद नळाचा पाइप हातात धरून गुलाबाला पाणी घालत उभ्या होत्या.

मी मागून जाऊन नळ उघडला. तेवढंच माझ्या हातात होतं.

संध्याकाळी झूम पेटलं. खरं म्हणजे नंदाखालचा विजय होता, पण रेजिना आंटींनी विजयात जे म्हणायचं नसतं तेच म्हटलं. "रक्त ते रक्तच. डेझी शेवटी माहेराला जागली!"

"म्हणजे हे असं आहे होय!" अजित उसळला. "डेझी काकू, निदान मेरिटवर तरी... माहेरचा कोटा चालतो का क्वार्टरबॅकला?"

गिरीजकडून तीन-चार खिडक्या एकदम बोलू लागल्या. माहेरचं ओढणारच, बाईमाणूस आहे, पोटच्या पोरीपेक्षा माहेर मोठं. आंटी मागे कट्ट्यापाशी. सुरीचा आवाज एकसारखा येत होता. मी अंकलना अनम्यूट करून दिलं. त्यांनी घसा साफ केला.

"मी गिरीजचा," अंकल म्हणाले. "तीस वर्षं हिच्याबरोबर राहतोय. माहेरचं ओढायचं असतं तर माहेरासारखं खारट रांधलं असतं, माझ्या घरात मीठ एवढं कमी कधी पडलं नसतं. क्लोई आतल्या खोलीत आहे. तिला हे ऐकू जातंय. गुड नाइट."

आणि ज्या माणसाला चार महिने म्यूटचं बटण सापडलं नव्हतं, त्याने 'सगळ्यांसाठी मीटिंग बंद करा' हे बटण पहिल्या फटक्यात शोधून दाबलं.

मॅचपर्यंतचा आठवडा हिरवळ रिकामी होती. क्लोई आईशी बोलत होती, पण घरमालकिणीशी बोलावं तसं. मटारही कुणी मागितले नाहीत. आंटी सवयीने एकदा माझ्या दारात आल्या, हाताकडे बघितलं, आणि "चहा आहे का?" म्हणाल्या. मी न राहवून म्हटलं, "आंटी, बोटांचं तरी सांगा तिला. निदान तिला कळेल का ते."

"बोटं दाखवून काय सांगू? तू मला दुखवलंस म्हणून?" त्यांनी मान हलवली. "मग ती रडेल, सॉरी म्हणेल. फेकायला नाही शिकणार."

मॅचला मी गेलो, अजितही आला, मास्क आणि डॅलसची टोपी घालून. ॲशली बारीक अंगाची मुलगी. तिचा पहिला चेंडू पाहून अजित म्हणाला, "काहीच दम नाही यात." तो चेंडू सुटला, आणि पळणाऱ्या मुलीच्या पुढ्यात असा उतरला की तिला हात फक्त उघडायचे होते. दुसराही तसाच. तिसऱ्याला अजितने बोलणं थांबवलं. चौथ्याला टोपी काढली. मी आंटींकडे बघत होतो. त्या कठड्यापाशी उभ्या होत्या, आणि ॲशलीच्या प्रत्येक चेंडूबरोबर त्यांचे हात कमरेपाशी आपोआप, जरासे, उघडत होते. जशी कौलं खालून येतच होती.

आम्ही पुढे होतो, तेव्हा शेवटच्या भागात ब्रेटने क्लोईला उतरवलं. पहिलाच चेंडू. काय चेंडू होता तो! सरळ रेघ. कठड्यापाशी उभ्या लोकांनी श्वास रोखला. तो मोकळ्या मुलीच्या बरोबर हातात गेला, आणि हातातून उसळून बाहेर पडला. कुणाची चूक, यावर अजित अजूनही बोलू शकतो. पण मी पाहिलं की ती मुलगी मैदानात उभ्या उभ्या हात काखेत दाबून वाकली, आणि क्लोईनेही ते पाहिलं. मॅच आम्ही जिंकलो. क्लोई सगळ्यांना मिठ्या मारत होती आणि मधूनमधून त्या मुलीच्या हाताकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, अंकलनी मागे बार्बेक्यू लावला. ॲशली आली होती, ब्रेट आला होता. थंड पेयांच्या पेटीतला बर्फ संपला म्हणून क्लोई माझ्याकडे आली.

"नाचोस, आइस आहे?" नचिकेत हे नाव तिला पहिल्यापासून लांब पडतं.

"फ्रीजरमध्ये बघ," मी म्हणालो. म्हणालो आणि मग आठवलं.

तिने बर्फाचा ट्रे काढला. खाली पाकीट होतं. आठवडाभर कुणी हात न लावल्यामुळे ते दगडासारखं घट्ट झालेलं, शेवटच्या वेळी दाबलं होतं त्याच आकारात. तिने ते उचललं, उजेडात धरलं. पाकिटाच्या मध्यभागी तळव्याएवढा खोलगट खड्डा होता, त्याच्या वर चार बोटांच्या खाचा, आणि बाजूला अंगठ्याची एक.

"व्हॉट इज धिस?"

"मटार."

"नाचोस. इट्स अ हँड."

मी आंटींना शब्द दिला होता. मी भांड्यांकडे तोंड केलं आणि एक धुतलेली बशी पुन्हा धुवायला घेतली. जरा वेळाने काचेत मला दिसलं की तिने आपला पंजा त्या खड्ड्यात ठेवलाय. तिची बोटं लांब आहेत, क्वार्टरबॅकची. ती खाचांच्या बाहेर येत होती. करंगळीची खाच इतरांपेक्षा रुंद होती, सुजलेल्या करंगळीची. तिने तिथे अंगठा फिरवला. मग पाकीट होतं तसं परत ठेवलं, फ्रीजर बंद केला, आणि बर्फ न घेताच बाहेर गेली.

मला वाटलं, आता रडारड होणार. तिने चेंडू उचलला. हिरवळीच्या त्या टोकाला जाऊन उभी राहिली. आंटी चिमट्याने सॉसेज उलटत होत्या.

"मम," क्लोई म्हणाली. "थोडं फेकू?"

आंटींनी चिमटा अंकलच्या हातात दिला आणि माझ्या खिडकीसमोर, रोजच्या जागी, येऊन उभ्या राहिल्या. क्लोईने चेंडू खांद्यापाशी धरला आणि थांबली. तिचे डोळे चेंडूवर नव्हते, लांबवर नव्हते. ती आईच्या हातांकडे बघत होती. इतक्या महिन्यांत तिला तसं बघताना मी पाहिलं नव्हतं.

"घे!" ती म्हणाली.

तो शब्द तिने कुठून उचलला, मला ठाऊक नाही. म्हणजे आतल्या खोलीत झूमचं सगळंच ऐकू जात होतं.

चेंडू निघाला. जोर तोच होता, हे मी पैजेवर सांगतो. पण तो वरून वळून, फिरत, आंटींच्या पुढ्यात येऊन टेकला, आणि रोज जो फाट्कन आवाज माझ्या काचेला ऐकू यायचा तो आलाच नाही. आंटींनी चेंडूकडे पाहिलं. मग लेकीकडे. परत फेकला. पुन्हा "घे!" ॲशली मागच्या पायरीवर बसून बघत होती, तिसऱ्या चेंडूला ती उठली आणि क्लोईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग एक हिचा, एक तिचा. आंटी मध्येच ब्रेटशी बोलायला मान वळवत होत्या, आणि हात तेवढा येत होता चेंडूखाली. अंकलची सॉसेजेस करपली. ब्रेट ते काळं सॉसेज हातात धरून म्हणाला, "नेक्स्ट वीकला मी कुणाला विचारू आता?" पण आंटी झेलत होत्या. मी अमळनेरचा माणूस, खिडकीत साबणाचे हात तसेच धरून उभा होतो, आणि माझी बशी तिसऱ्यांदा स्वच्छ झाली होती.

संध्याकाळी आंटी माझ्या दारात आल्या. मी सवयीने पाकीट काढून पुढे केलं. त्यांनी खाचांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. मग त्यांनी आपला उजवा हात वर धरला, मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"तांदूळ आहेत का रे तुझ्याकडे?" त्या म्हणाल्या.

"आहेत. पण तुम्हीच म्हणाला होतात, वितळून गोठून—"

"उकळीला काही राहत नाही. एम.एस्सी. कुणी केलंय?"

रोजरीनंतर सगळ्यांनी तो मटारभात खाल्ला. झूमवर अजित आणि रेजिना आंटी पुढच्या मॅचवरून आधीच जुंपलेले होते, आणि कुणीतरी पंपाचा विषय पुन्हा काढला होता. मार्टिन अंकलनी घास तोंडात घोळवला आणि म्हणाले, "मटार जरा जुने वाटतात गं."

"खा गप," क्लोई आणि तिची आई एकदमच म्हणाल्या.